तानपुरे मात्र छान लागले होते

वाईट गाण्याला नावं ठेवायला अक्कल लागत नाही, आणि थोर गाण्याला दाद आपोआपच जाते. पंचाईत होते ती मधल्या गाण्याची. सूर चोख, लय पक्की, तानांमागची मेहनत दिसते आणि तरीही तासाभरात आपल्या अंगावरचा एक केस म्हणून उभा राहत नाही. मैफल संपते. आत जाऊन गायकाला भेटणं तर भाग असतं. खोटं बोलवत नाही, खरं बोलायचं धाडस नाही. मग तोंडातून निघतं, “तानपुरे काय सुंदर लागले होते!”

गायकाला यातलं सगळं कळतं. त्यानेही कुणाला तरी हेच सांगितलेलं असतं. याहून घातक वाक्य एकच : “मेहनत आहे हं!” त्यातला तो ‘हं’ गायकाच्या चार वर्षांच्या रियाझावर पाणी फिरवतो.

नाट्यसमीक्षकांनी याची सोय शेवटच्या परिच्छेदात करून ठेवली आहे. ‘इतरांची साथ पूरक.’ शंभर प्रयोगांत एकही एन्ट्री न चुकलेला पोस्टमन, शेजारी आणि नायकाचा मित्र या तीन शब्दांत दाटीवाटीने बसतात. पोस्टमनने एकदा पत्र विसरावं, की समीक्षक त्याला दोन स्वतंत्र ओळी देतात.

क्रिकेटमध्ये निदान धावफलक असतो. 1964 साली मद्रासला इंग्लंडविरुद्ध बापू नाडकर्णींनी एका डावात 32 षटकं टाकली, 27 निर्धाव. त्यांतली 21 तर ओळीने. धावा दिल्या 5. बळी? शून्य! आज त्या शून्याचं कुणी नावही काढत नाही. नेमस्तपणासुद्धा इतका अतिरेकी केला तर अमर होता येतं. बापूंनी चारच निर्धाव षटकं टाकली असती तर ‘टप्पा अचूक’ एवढ्यावर त्यांची बोळवण झाली असती. अर्थात चिकाटीलाही मुहूर्त लागतो. 1975 च्या विश्वचषकात लॉर्ड्सवर गावसकरांनी 174 चेंडूंत नाबाद 36 केल्या; त्याचा हिशेब लोक अजून मागतात.

एकांकिका स्पर्धेच्या परीक्षकाला धावफलकही नसतो. पाठीला रग लावणाऱ्या खुर्चीत बसून ओळीने एकांकिका पाहायच्या. कुणी रिसीव्हर उचलल्यावर फोनची घंटा वाजते, ती एकांकिका जन्मभर लक्षात राहते. बाकीच्यांत सगळं वेळेवर होतं. संवाद पाठ, ब्लॅकआउट जागच्या जागी. मी दहापैकी साडेसहा देतो. तो अर्धा म्हणजे माझं एकूण शौर्य. 2022 साली पुरुषोत्तम करंडकाच्या परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नाही, तेव्हा पुण्यात केवढा गदारोळ झाला! माझ्यासारख्याने असला निर्णय घेऊन रिक्षा कुठून पकडायची?

निकालानंतर एकदा मुलांनी मला जिन्यात गाठलं. “सर, आमचं नेमकं कुठे कमी पडलं?”

कुठेच कमी पडलं नव्हतं. अडचणच ती होती. “नेपथ्य,” मी म्हणालो, “नेपथ्य थोडं कमी पडलं.” रंगमंचावर दोन खुर्च्या होत्या. एकांकिका घडत होती डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये.

पुढच्या वर्षी तीच मुलं दिंडीदरवाजा, तुळशीवृंदावन आणि खरं पाणी येणाऱ्या रहाटासकट अख्खा वाडा घेऊन आली. कामं तितकीच चोख झाली. मी साडेसहा लिहिले आणि मागच्या दाराने निघालो.