कोटेशन आप्पा

आमच्या उर्से गावात पावसाळ्यात ओढ्याला पाणी किती, असं विचारलं तर फुटात उत्तर मिळत नाही. "थारच्या खाली हाय, जावा बिनघोर," असं सांगतात. जोर वाढला की, "गुरख्याला लागलं, थांबा जरा." परगावच्या माणसाला वाटतं, ओढ्यावर कुणी गुरखा राखणीला बसवलाय आणि तो बिचारा भिजतोय.

प्रकार असा, की शेताकडे जाणाऱ्या मोरीच्या खांबावर ऑइलपेंटच्या दोन रेघा आहेत. खालची तांबडी, तळापासून ६५० मिलिमीटरवर. तिच्यापुढे लिहिलंय 'थार'. तिच्यावर तीन बोटं हिरवी, ७०० मिलिमीटर, 'गुरखा'. आपली गाडी किती पाण्यातून जाते, ते कंपन्या छापून देतात, त्यातलेच हे आकडे. जिम्नीचीही रेघ मारायची होती, पण ती बसून मारावी लागली असती आणि मारणाऱ्याचे गुडघे दुखतात. या माणसाकडे थार नाही, गुरखा नाही, जिम्नी नाही. एक स्प्लेंडर आहे. तिची रेघ त्यानं मारलेली नाही.

हा आमचा कोटेशन आप्पा.

घाटमाथ्यावर आता प्रत्येक गावात असा एक जण सापडतो. पूर्वीही सापडायचा, फक्त खातं वेगळं होतं. आप्पाचे वडील चाकणच्या बाजारात बैलाचे दात बघायचे. खूर, वशिंड, शेपटीचा गोंडा, चाल, सगळं बघून मग रुमालाखाली बोटं धरून भाव करायचे. बैलांचं ते चाकण आता गाड्यांचं झालं. तिथंच महिंद्राच्या स्कॉर्पिओ तयार होतात, आणि आप्पा दातांऐवजी ब्रोशर बघतो. वारसा चालू आहे. फरक एवढाच, की वडील संध्याकाळी बैल घेऊन घरी यायचे.

आप्पाकडं रेक्झिनची एक पिशवी आहे. तिच्यात सगळी कोटेशनं, तारीखवार. सर्वांत जुनं २०१० सालचं. पहिली थार तेव्हा नुकतीच आली होती आणि आप्पाचा थोरला बालवाडीत होता. पोराचा डिप्लोमा झाला, तो कंपनीच्या बसनं कामाला जायला लागला, मधल्या काळात २०२० मध्ये थारची दुसरी पिढी आली, २०२४ मध्ये पाच दारांची रॉक्स आली. पिशवी जाड होत गेली. घराला आग लागली तर आधी काय बाहेर काढाल, असं एकदा मी विचारलं. आप्पानं वहिनींकडं बघितलं आणि उत्तर द्यायचं टाळलं.

त्याचा अभ्यास मात्र खरा आहे. थारचा विषय काढा, तो १९४५ पासून सुरू करतो. तेव्हा कंपनीचं नाव महिंद्रा अँड मोहम्मद होतं. फाळणी झाली, भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, पुढं १९५१ मध्ये गव्हर्नर जनरलही झाले. १९४८ मध्ये इकडं पाटी बदलून महिंद्रा अँड महिंद्रा झाली, आणि विलीजची जीप इथं जुळायला लागली. आप्पा याला वाटणीच म्हणतो. "भावाभावांत एकानं इहीर घ्यावी, दुसऱ्यानं बैल घ्यावा, तसं झालं. त्यानं देश घेतला, ह्यांनी जीप घेतली. आता बगा, कुणाचं चाललंय." सुमो हे नाव जपानी पैलवानावरून पडलं असं त्याच्यापुढं कुणी म्हणू नये. १९९४ ची ती गाडी, आणि नाव टाटांच्या सुमंत मुळगावकरांवरून, दोन्ही नावांतली पहिली अक्षरं घेऊन. हे तो इतक्या तिखटपणे सांगतो की मुळगावकर याच्या भावकीतले वाटावेत.

पण त्याचं खरं तत्त्वज्ञान गाडीचं नाही, डीलरचं आहे. "गाडी कोणबी चांगलीच बनवतंय," तो म्हणतो, "सोयरीक करताना नुसती पोरगी बगून भागत न्हाय. माणसं कशी हायत, हाकेला येतात का, ते बगायचं." म्हणून त्याच्या पडवीत पुणे जिल्ह्याचा एक नकाशा लावलेला आहे आणि त्यावर शोरूमचे आणि सर्व्हिस सेंटरचे गोल काढलेत. महिंद्राच्या गोलांनी नकाशा गोवर आल्यासारखा दिसतो. आणि गोल नाही तिथंही बोलेरोवर हात बसलेला फिटर झाडाखाली पाना घेऊन बसलेला असतोच, हे तो तोंडी जोडतो. मारुतीचंही उदंड आहे, फक्त जिम्नी नेक्सा नावाच्या त्यांच्या भारी शोरूमच्या काचेआड मिळते. आप्पाला तिथं चपला बाहेर काढाव्या की नाही, हे अजून ठरवता आलेलं नाही.

त्याचा जीव मात्र गुरख्यावर आहे, आणि दुःखही तिथंच आहे. फोर्स मोटर्सचं मुख्य ठिकाण आकुर्डी. तळेगावहून लोकलनं घोरावाडी, बेगडेवाडी, देहूरोड, की आलंच आकुर्डी. जुनं नाव बजाज टेम्पो, फिरोदियांनी १९५८ मध्ये काढलेली कंपनी. २००५ पासून फोर्स. मर्सिडीजची इंजिनं चाकणला जोडून देणारी माणसं. गुरख्यात मर्सिडीजच्याच घराण्यातलं २.६ लिटरचं डिझेल इंजिन, पुढच्या-मागच्या दोन्ही धुऱ्यांना डिफ लॉक, आणि कंपनीतूनच बसवून आलेलं ते वरचं धुराडं, म्हणजे स्नॉर्केल. "समदं हाय," आप्पा म्हणतो, "पण गोल किती? बोटावर मोजा. माहेर आकुर्डीला आणि पोरगी दिसायची मारामार!" नकाशावर त्यानं गुरख्याचे मोजके गोल हिरव्या शाईनं काढलेत, आणि मला संशय आहे की त्यातले एक-दोन त्यानं मायेपोटी जरा मोठे काढलेत.

जिम्नीबद्दल त्याचं मन दर महिन्याला बदलतं. २०२३ च्या जूनमध्ये ती आली तेव्हा "पोरासोरांची गाडी" म्हणून त्यानं ती मोडीत काढली होती. मग गुरुग्रामला बनलेली हीच पाच दारांची जिम्नी २०२५ च्या सुरुवातीला जपानमध्ये विकायला ठेवली, आणि चार दिवसांत पन्नास हजारांच्या घरात ऑर्डरी आल्यामुळं तिथल्या कंपनीला बुकिंग थांबवावं लागलं. हे वाचल्यावर आप्पा दोन दिवस गप्प होता. "जपानात रांग आणि हितं सूट," तो शेवटी म्हणाला. "आपलंच काय तरी चुकतंय." तिसऱ्या दिवशी पिशवीत नवं कोटेशन होतं.

त्याला एकच गोष्ट सहन होत नाही. २०२३ मध्ये थारचा फोर बाय टू, म्हणजे फक्त मागच्या चाकांना ताकद असलेला अवतार आला. बाहेरून तीच मिशी, तोच दरारा. "म्हस इकत घ्यायची आणि दुधाचा रतीब लावायचा," असं आप्पा त्याला म्हणतो. रविवारी संध्याकाळी पुण्याकडं परतणाऱ्या गाड्या आमच्या टोलनाक्यावर मंदावतात, तेव्हा तो पलीकडच्या बांधावर बसून परीक्षण करतो. चाकावरचा चिखल बघून गाडी कुठं जाऊन आली ते सांगतो. "ही राजमाचीवरनं आली, तुंगार्लीच्या वरच्या रस्त्यानं. ही पवनेच्या काठावर रुतली व्हती, मागनं ढकललीय. आणि ही? हिनं मक्याचं कणीस खाल्लंय फक्त." या शेवटच्या जातीच्या गाड्या बहुसंख्य असतात.

गावात त्याचा सल्ला घेतल्याशिवाय कुणी गाडी घेत नाही. सल्ला घेऊनही कुणी ऐकत नाही, ते वेगळं. एक्सप्रेसवे २००२ मध्ये पुरा झाला, कारखाने आले, जमिनी गेल्या आणि आमच्याकडं गुंठामंत्री नावाचं खातं निर्माण झालं. या मंडळींना गाडीची किंमत लाखात सांगितली तर कळत नाही, गुंठ्यात सांगावी लागते. मागं असाच एक तरुण मंत्री आप्पाकडं आला. आप्पानं नकाशा दाखवला, पिशवी उघडली, दोन तास हाय रेंज, लो रेंज, ग्राउंड क्लिअरन्स, थारचा २२६ आणि जिम्नीचा २१०, सगळं ओतलं. पोरानं मान डोलावली, चहा घेतला, पाया पडला आणि चौथ्या दिवशी पांढरी फॉर्च्युनर दारात आणली. त्याला डोंगर चढायचा नव्हताच. वडगावला तहसील कचेरीपुढं दोन चाकं फुटपाथवर चढवली की त्याचा ऑफ-रोड संपतो. आप्पा पेढा घ्यायला गेला नाही. पेढा घरी आला, तेव्हा खाल्ला.

शोरूमवाल्यांची गोष्ट आणखी निराळी. नवं पोरगं असलं की टाय सावरत पुढं येतं, "काका, बजेट काय आपलं?" आप्पा बजेट सांगत नाही, प्रश्न विचारतो. लो रेंजमध्ये टाकायच्या आधी गाडी उभी करायची का? धुरा लॉक केल्यावर डांबरावर वळवली तर काय होतं? पोरगं साहेबाला बोलावतं. साहेब आप्पाला ओळखतो, तो चहा सांगतो. आजवरच्या चहाचा हिशेब मांडला तर पिंपरी-चिंचवडच्या शोरूमनी मिळून आप्पावर एका टायरचे पैसे तरी घातले असतील. पण फुकट नाहीत ते. हल्ली एक सेल्समन खरं गिऱ्हाईक समोर बसलं की हळूच बाहेर येऊन आप्पालाच फोन लावतो.

वहिनी टेस्ट ड्राइव्हला एकदाच गेल्या, तीन दारांच्या थारमध्ये. पुढची सीट वाकवून मागं चढताना साडीचा काठ अडकला.

"ह्याला मागचं दार कुठाय?" त्यांनी विचारलं.

"आगं, अशीच असती ही गाडी."

"मंग दळणाचा डबा कुठनं चढवायचा?"

या एका प्रश्नावर थार चार वर्षं अडली होती. पुढं पाच दारांची रॉक्स आली आणि कंपनीनं हरकतच मिटवून टाकली. तो दिवस आप्पाला फार जड गेला. आता कारण नवं शोधणं आलं. त्यानं ते शोधलं: पहिल्या लॉटच्या गाड्या घेऊ नयेत. मग दुसरा लॉट आला, तर वेटिंग होतं. वेटिंग संपलं, तर नवरात्रात भाव कमी होतील असं त्याच्या आतल्या गोटातून कळलं.

अलीकडं तर तो आणखी पुढं गेला होता. अमेरिकेच्या पोलॅरिस कंपनीनं २०२१ मध्ये आपली चार चाकांची बाइक इथं ट्रॅक्टर म्हणून पासिंग होईल अशी आणली होती. लोणावळ्याला पर्यटकांना फेऱ्या मारायला देतात, तसली. तिचं नाव काढलं की आप्पाचे डोळे चमकायचे. "शेतकऱ्याचंच वाहन हाय ते. सरकारनंच ट्रॅक्टर म्हणलंय." वहिनी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "नांगर कुठं लागतो त्याला?"

मागच्या वर्षी मृगाच्या सुमाराला आप्पा सकाळच्या लोकलनं आकुर्डीला उतरून कुठल्याशा शोरूमला गेला होता. दुपारी आमच्या आळीत एक टेम्पो आला. त्यातून दोन चाकांचं, लांब दांड्याचं, लालभडक यंत्र उतरवलं. पॉवर टिलर. वहिनींनी सरकारी अनुदानासाठी महाडीबीटीवर अर्ज भरला होता, नाव निघालं होतं, आणि हे घरात कुणालाही बोलल्या नव्हत्या. भाताची चिखलणी भाड्याच्या ट्रॅक्टरवर अडते, ट्रॅक्टरवाला आधी मोठ्या वावरात जातो, आपलं रोप वाढून जातं, हे त्या दरवर्षी बघत होत्या.

आप्पा संध्याकाळी आला. पिशवी खाली ठेवली. टिलरभोवती एक चक्कर मारली, मग दुसरी. खिशातून टेप काढून खालचं अंतर मोजलं. इंजिनाची पाटी वाचली.

"व्हीएसटी बघितला व्हता का?" त्यानं विचारलं. "बंगळूरचा. न्हाय तर कॅमको, केरळचा. तुलना न करता कसं काय घेतलं?"

"ह्याचा पट्टा आणि फाळ वडगावातल्या दुकानात मिळतो," वहिनी म्हणाल्या. "दुकानदाराला फोन केला. म्हणला, बंद पडलं तर पोरगं पाठवतो. झालं."

आप्पाला काही बोलता येईना. पंधरा वर्षं तो जे सगळ्या तालुक्याला सांगत होता, ते बाईनं एका फोनात उरकलं होतं.

रात्री त्याच्या पडवीत दिवा बराच वेळ चालू होता. सकाळी बघतो तर नकाशावर वडगावला एक नवा लाल गोल. खाली टिपण: 'टिलर. पट्टा, फाळ. पोरगं येतं.'

चिखलणीच्या दिवशी पावसानं धरलं होतं. आप्पा डबा आणि ब्रश घेऊन मोरीवर उभा होता, टिलरची रेघ कुठं मारावी याचा विचार करत. यंत्र मोरीवरून पलीकडं गेलं, थोरल्यानं नेलं. वहिनी मागं राहिल्या होत्या. मोरीवर आप्पाचा पसारा मांडलेला, म्हणून त्यांनी साडी गुडघ्यावर खोचली, डोक्यावरची भाकरीची पाटी एका हातानं धरली आणि खालून ओढ्यातूनच निघाल्या.

"आगं थांब, पाणी बगू दे किती हाय ते!" आप्पा वाकून रेघ शोधत ओरडला.

पाणी थारच्या वीतभर खाली होतं. त्यानं आकडा सांगेपर्यंत वहिनी पलीकडच्या बांधावर चढून टिलर चालू करायला सांगत होत्या.