शिट्टी येते का?

गाडी ओढत नाही, ही तक्रार देवासात चारचौघांत करू नये. चहाच्या टपरीवर तर नाहीच नाही. तिथल्या बाकावरून एक गृहस्थ हमखास उठतात, शर्टाच्या खिशातून टॉर्च काढतात आणि विचारतात, "शिट्टी येते का?"

हे गृहस्थ तुमच्याही गावात असतात. कुठे ते बुलेट दुरुस्त करतात, कुठे शेजाऱ्याचा इन्व्हर्टर. आमच्या वाट्याला टर्बोवाले आले. पोरं त्यांना शिट्टीकाका म्हणतात, अगदी तोंडावर. जन्म धारचा, नोकरी पिथमपूरच्या एका कारखान्यात, निवृत्तीनंतर मुक्काम देवास. म्हणजे पवारांच्या दोन्ही राजधान्यांचं मीठ खाल्लेला माणूस, त्यामुळे सल्ला देण्याचा अधिकार वंशपरंपरागत.

काकांचा सिद्धांत एका ओळीचा आहे: "टर्बो मरत नाही रे, हवा पळते." इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूवर एक चक्र फिरतं, मिनिटाला लाखाच्या वर फेरे. त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. किती कोंबायची, यातच सगळी गोम. कमी पडली की काळा धूर आणि चढावर दम. जास्त झाली की इंजिनाच्या जिवाशी खेळ. हे प्रमाण राखायला अ‍ॅक्च्युएटर, सोलेनॉइड, सेन्सर अशी बडी मंडळी बसवलेली असतात आणि त्यांना जोडणाऱ्या रबराच्या गरीब नळ्या. काकांचा संशय कायम नळ्यांवर. होज फाटला, क्लॅम्प ढिला झाला की दाबलेली हवा सुटते आणि शिट्टी वाजते. म्हणून पहिला प्रश्न शिट्टीचा. इथवर कुणाची हरकत नाही.

पण प्रश्न गाडीपाशी थांबत नाही. आमच्याकडे चहाला आले, तर डाळ शिजायला वेळ का लागतोय म्हणून सरळ स्वयंपाकघराच्या दारात. "सूनबाई, शिट्टी येते का?" नाही म्हटल्यावर निदान तयार: "प्रेशर बनतंय, पण धरत नाहीये. गास्केट बदल." गास्केट बदललं, डाळ शिजली, आणि तेव्हापासून आमच्या घरात काकांविरुद्ध बोलायची सोय उरली नाही. २०२१च्या जूनमध्ये पिथमपूरला ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक सुरू झाला. आशियात सर्वांत लांब म्हणून आम्ही पेढे वाटायच्या बेतात, आणि धार जिल्ह्याचा हा सुपुत्र चिंतेत: "एवढ्या वेगात वाऱ्याच्या आवाजात शिट्टी ऐकणार कशी?" एका लग्नात नवरदेवाची गाडी मांडवाच्या दारात बंद पडली, तेव्हा वधूपित्याच्या आधी बॉनेटपाशी कोण पोचलं, हे सांगायला नको.

कहर झाला तो टेकडीखालच्या एका घरी. कुमार गंधर्वांची ध्वनिमुद्रिका लागली होती. कुमारजी १९४८ साली देवासला आले ते क्षयावर इथली कोरडी हवा मानवेल म्हणून. एक फुफ्फुस निकामी झालं, कित्येक वर्षं गाणं बंद, आणि त्यानंतर जे गायले ते अख्ख्या देशाने ऐकलं. मंडळी डोळे मिटून बसलेली. काका माझ्या कानाशी लागले: "एक बाजू बंद, तरी बूस्ट बघ. कुठे सोडायचा, कुठे धरायचा. कंट्रोल आहे, कंट्रोल!" मी डोळे वटारले. पण ती छोटी, तुटक वाटणारी तान, मधेच उसळणारा जोर आणि लगेच घेतलेली माघार काकांच्या त्या वाक्यानंतरच मला नीट ऐकू आली. याबद्दल मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.

माझा धारचा भाचा जुनी डिझेल गाडी घेऊन आला, ते प्रकरण मात्र सविस्तर सांगायला हवं. मांडूच्या चढावर गाडीने मान टाकलेली. इंदूरच्या एका वर्कशॉपने स्कॅनर लावला, पी०२९९ हा कोड निघाला, म्हणजे बूस्ट कमी. पुढचं वाक्य टर्बो बदला, आणि त्यापुढचा आकडा ऐकून भाच्याचीही मान पडली. टपरीवर नेहमीची टवाळी सुरू झाली. आतली पाती काजळीने अडकली असतील, असं कुणी म्हणालं, तर लगेच दुसरा, "थोरली पाती की धाकटी?" देवासला एका गावात थोरल्या आणि धाकट्या पातीचे दोन राजे नांदले, तेव्हा हा विनोद इथे कधी शिळा होत नाही.

काका हसले नाहीत. त्यांनी इंजिन बंद ठेवून नुसती चावी फिरवायला लावली आणि स्कॅनरवर हवेचा दाब पाहिला: ९५ किलोपास्कल. सोबतचा पोरगा म्हणाला, "सेन्सर गेला. पुस्तकात १०१ लिहिलंय." काकांनी त्याच्याकडे दयेने पाहिलं. "पुस्तक समुद्राकाठी लिहिलंय. देवास पाचशे मीटरच्या वर आहे. ९५ बरोबर आहे." मग हातपंप अ‍ॅक्च्युएटरला जोडला. दांडी सरसर वर गेली आणि पंपाचा चढलेला काटा जागचा हलला नाही. म्हणजे पडदा शाबूत, पातीही मोकळी. उरली व्हॅक्यूमची नळी. बॅटरीच्या तळाशी बोट घालून त्यांनी ती चाचपत आणली. टोकाला नखाएवढी चीर. नळीत ओढ नाही, तर पाती उघडीच राहणार आणि बूस्ट यायचाच नाही. खिशातल्या कात्रीने चीर गेलेलं टोक कापलं, नळी पुन्हा बसवली, हात पुसले. खर्च: एक कट चहा, तोही भाच्याने आग्रह केला म्हणून.

हल्ली कोड वाचता आला की निदान झालं, असा समज आहे. कोड सांगतो की दाब कमी आहे. का कमी आहे, हे शोधायला वाकावं लागतं, हात काळे करावे लागतात. महागड्या भागावर आळ घ्यायला कुणालाच जड जात नाही, कारण पैसे गाडीवाल्याचे. साबणाचं पाणी शिंपडून बुडबुडे बघत बसणारा माणूस या हिशेबात बसत नाही.

त्याच दिवशी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. गाडी सुरू झाल्यावर दुसऱ्या एका क्लॅम्पमधून बारीक शिट्टी येत होती. भाच्याला ऐकू येत होती, मला येत होती, टपरीवाल्यालाही. काका मात्र तळहात नळीवरून हळूहळू फिरवत होते. वारा लागला तिथे थांबले, स्क्रू आवळला, आणि भाच्याकडे बघून विचारलं, "शिट्टी येते का?"

वय झालं की बारीक आवाज आधी जातात. आयुष्य कारखान्यात गेलेल्यांचे तर लवकरच. पोरांना हे माहीत नाही, आणि मी सांगितलेलं नाही.

तेव्हा टर्बो बदला असं कुणी सांगितलं, तर पैसे भरण्याआधी एकदा देवासला या. संध्याकाळी पाचनंतर, दुपारी ते झोपतात. पहिला प्रश्न काय येणार, हे तुम्हाला ठाऊक आहेच. उत्तर जरा मोठ्यानं द्या.