नकाशेगुरुजी

गुरुजींच्या घरी गेलात तर एक पथ्य पाळा. पंखा लावा म्हणू नका. मे महिन्यातलं नगरचं ऊन असो, डोक्यावर तापलेला पत्रा असो, बनियन पाठीला चिकटलेलं असो, पंखा नाही. पंखा लागला की कॅलिफोर्निया उडतो. मागे एकदा व्याह्यांनी न विचारता बटण दाबलं आणि सॅक्रामेंटो नदीचं अख्खं खोरं आमटीत जाऊन पडलं. सोयरीक टिकली, पण तेव्हापासून व्याही येणार असले की गुरुजी आदल्या रात्रीच रेग्युलेटरचं बटण उपसून खिशात ठेवतात.

नाव मी सांगणार नाही. हा एक माणूस नव्हेच, ही जमात आहे. भूगोलाचा निवृत्त मास्तर, मुलं पुण्याला, पेन्शन बेताची आणि जुन्या नकाशांचा नाद, हे एवढं जमलं की झालं. असा एक कोपरगावात आहे, एक संगमनेरात आहे. शेवगावात दोन आहेत आणि ते एकमेकांशी बोलत नाहीत. आमचा नमुना सावेडीतला. त्यांना सगळे नकाशेगुरुजी म्हणतात.

त्यातही त्यांचा ध्यास गोल्ड रशच्या काळातल्या नकाशांचा. 24 जानेवारी 1848 ही तारीख ते घरातल्या बारशासारखी सांगतात. त्या दिवशी जेम्स मार्शल नावाच्या सुताराला सटरच्या लाकूडगिरणीच्या पाटात चमकणारे कण दिसले. डिसेंबरात खुद्द राष्ट्राध्यक्ष पोक यांनी त्या सोन्याची ग्वाही दिली आणि पुढच्या साली माणसं घरदार सोडून कॅलिफोर्नियाकडे धावत सुटली. निघणाऱ्याला नकाशा लागतो. तो न्यूयॉर्क-लंडनच्या छापखान्यांनी रातोरात पुरवला. काढणाऱ्यांतल्या बहुतेकांनी तो मुलूख पाहिलेला नव्हता, म्हणून जुन्याच नकाशावर सोन्याच्या जागी पिवळा रंग फासून दिला. काढणाऱ्याला वाट ठाऊक नाही, विकणाऱ्याला ठाऊक नाही, घेणारा तर वाटेलाच लागलेला. गुरुजी हे सांगताना इतके खूश होतात की ऐकणाऱ्याला वाटावं, त्या धंद्यात यांची चार आणे भागी होती.

नकाशातल्या चुकांवर त्यांचा फार जीव. सतराव्या शतकातल्या नकाशांत कॅलिफोर्निया चक्क बेट म्हणून काढलंय. ते बेट नाही असं 1747 मध्ये स्पेनच्या राजाला फर्मान काढून सांगावं लागलं. "चुकलेल्या नकाशाला किंमत जास्त असते," हे गुरुजींचं ब्रह्मवाक्य. हेच गुरुजी चौतीस वर्षं, श्रीलंका डावीकडे काढणाऱ्या पोरांच्या पाठीत धपाटे घालत आले. त्या पोरांचे निम्मे नकाशे आज मोठ्या किमतीला गेले असते.

आता संग्रह. दिवाणाखाली पत्र्याची अकरा नळकांडी आहेत. त्यांत अस्सल म्हणावा असा नकाशा एकच, तोही कुठल्याशा जर्मन अ‍ॅटलसमधून सुटलेलं पान. त्याची उजवी कड कसरीने खाल्लेली आहे, त्यामुळे सिएरा नेवाडा पर्वत अर्धाच उरलाय. बाकी सगळ्या झेरॉक्स. भिंतीवर लॅमिनेट करून लावलाय तो फ्रेमाँट नावाच्या अमेरिकन मुलूखशोधकाचा 1848 चा नकाशा. काढला प्रॉइस नावाच्या जर्मनाने, आणि सोन्याच्या जागी त्यावर 'एल डोराडो' अशी अक्षरं आहेत. त्याच्यापुढे सणावाराला उदबत्ती लागते. काकू म्हणतात ती डासांसाठी असते. मला खात्री नाही.

तुम्ही म्हणाल, नगरच्या माणसाला कॅलिफोर्नियाचं काय? हा प्रश्न गुरुजींना विचारू नये. मी विचारला होता. सकाळी नऊला विचारला, दुपारी दीडला सुटलो. अमेरिकन मराठी मिशनची माणसं नगरात आली 1831 साली. म्हणजे तिकडे सोनं निघालं तेव्हा इकडे अमेरिकन लोक राहून सतरा वर्षं झाली होती. सिंथिया फॅरारबाई इथे मुलींची शाळा चालवत होत्या. ती शाळा बघून गेलेल्या जोतीरावांनी त्याच 1848 मध्ये पुण्यात शाळा काढली. इथवर सगळा इतिहास. यापुढचा सिद्धांत गुरुजींचा. घरचे लोक सोन्यापायी पिसाळलेले असताना या मंडळींना बोस्टनहून एखादं वर्तमानपत्र, एखादा घडीचा नकाशा आला नसेल? आला असेल तर गेला कुठे? नगरातच कुठल्या तरी माळ्यावर, कुठल्या तरी पेटीत आहे.

या पेटीपायी गुरुजींनी नगरातले माळे धुंडाळले. जुना वाडा पाडायला काढला की बिल्डरच्या आधी गुरुजी हजर. आजवर मिळालेला ऐवज असा: एक पंचांग, दोन अडकित्ते, हार्मोनियमचा भाता, आणि एका घरात साक्षात घरमालकांचे हरवलेले दात. दातांवरून त्या घरात जी भांडणं झाली त्यात गुरुजी साक्षीदार होते.

एखादा म्हणतो, गुरुजी, लांबचं सोनं कशाला, आपल्या देशातलं सांगा. बिचाऱ्याने 'केजीएफ' पिक्चर पाहिलेला असतो. मग गुरुजी चष्मा पुसतात. कोलारचं सोनं इंग्रजांच्या दप्तरी चढवलं लेफ्टनंट जॉन वॉरनने, 1802 मध्ये. गेला होता म्हैसूरची हद्द मोजायला. सोन्याची कुणकुण लागताच त्याने बक्षीस लावलं, आणि गावकऱ्यांनी गाड्या भरभरून माती आणून त्याच्यापुढे धुतली. हा वॉरन 33व्या पलटणीचा. याच पलटणीचा लॅम्टन. त्याने हिंदुस्थान मोजायला घेतला आणि 1823 मध्ये आपल्या हिंगणघाटला देह ठेवला. पलटणीचा कर्नल कोण? वेलस्ली! त्याने 8 ऑगस्ट 1803 ला नगरची पेठ घेतली आणि 12 तारखेला किल्ला. "म्हणजे कोलारचं सोनं, देशाचा नकाशा आणि नगरचा किल्ला," गुरुजी तीन बोटं नाचवतात, "एका पंगतीला जेवलेल्या माणसांनी उचलला!" तेवढ्यावर थांबतील तर गुरुजी कसले? कोलार त्याआधी शहाजीराजांच्या जहागिरीत. शहाजी हे नाव कुणावरून? नगरच्या शाह शरीफ पीरावरून. धाकट्या भावाचं नाव शरीफजी. मालोजींनी नवस केला नगरात, आणि पोरगा बसला सोन्याच्या खाणीवर! पाहुणा तोवर चपला शोधत असतो.

या नादाचा खरा ताप वेगळाच. गुरुजींकडे सोन्याचे जुने नकाशे आहेत, ही बातमी जिल्हाभर पसरली. कॅलिफोर्निया हा शब्द वाटेतच कुठेतरी गळला. मग अमावास्येच्या अलीकडे-पलीकडे माणसं येऊ लागली. पांढरी टोपी, कानात अत्तराचा बोळा, आवाज पोटातून. "गुर्जी, नकाशा हाये म्हनं तुमच्याकडं. हंड्याचा." एकाने बरोबर पायाळू पोरगाही आणला होता. पायांकडून जन्मलेल्याला जमिनीतलं धन दिसतं म्हणतात. त्या पोराला गुरुजींच्या घरात फक्त फरसाणचा डबा दिसला.

गुरुजींनी त्यांना कायदा सांगितला. 1878 चा निखात निधी कायदा: दहा रुपयांवरचं काही जमिनीत सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. गुप्तधनाच्या नावाखाली अघोरी प्रकार केले तर 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहेच. माणसं ढिम्म. मग गुरुजींनी दायमाबादचा दाखला काढला. 1974 साली आपल्याच जिल्ह्यात छबू लक्ष्मण भिल्ल यांना झाडाचं मूळ खणताना काशाचा रथ, हत्ती, गेंडा, रेडा सापडला. सगळं मिळून साठ किलोंच्या वर, आणि जुनं हजारो वर्षांचं. "त्यांच्याकडे होता का नकाशा?" गुरुजींनी टेबलावर हात आपटला. पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांना यातून एवढंच कळलं, की जिल्ह्यात माल आहे.

काकूंची तक्रार साधी आहे. भातोडीच्या अलीकडे गुरुजींची तीन एकर जमीन, शेजारी धाकट्या भावाची. बांध सतरा वर्षं वादात. भाऊ म्हणतो, दादा दर नांगरटीला एक तास आत येतो. गुरुजी म्हणतात, तोच येतो. हद्दीचा दगड होता म्हणतात, पण तो कधीच मातीत गेला. "सगळ्या जगाचे नकाशे दिवाणाखाली," काकू म्हणतात, "आणि स्वतःच्या बांधाचा उतारा काढायला तलाठ्याकडे जायला होईना." मोजणीची फी भरायची कुणी, यावर दोघा भावांचं घोडं अडलेलं. गुरुजींनी तेवढ्या पैशात एक नळकांडं घेतलं.

शेवटी गेल्या उन्हाळ्यात काकूंनी बोलणं टाकलं, तेव्हा गुरुजी निघाले. सवयीने काखेला नळकांडं, हातात भिंग. दिवस कलता ते बांधावर उकिडवे बसले, भिंग लावून गवत निरखू लागले. आता हे भातोडीचं रान. 1624 मध्ये मलिक अंबरने मोगल आणि आदिलशाही फौजांना लोळवलं ते इथेच, शरीफजीराजे पडले तेही याच लढाईत. अशा रानात एक म्हातारा नळकांडं घेऊन तिन्हीसांजेला जमीन हुंगतोय, हे वाटेवरच्या चार डोळ्यांनी पाहिलं.

सकाळी भावाचा फोन. बांधावर रात्रीतून तीन खड्डे पडले होते. एकात लिंबू, एकात काहीच नाही, आणि तिसऱ्यात कमरेइतक्या खोलावर हद्दीचा दगड, जुन्या खुणेसकट. गुरुजी गेले, काकू गेल्या, मीही गेलो. टेप लावली. दगड गुरुजींच्या रानात दोन हात आत निघाला. म्हणजे सतरा वर्षं भावाचं रान गुरुजी खात होते.

भाऊ काही बोलला नाही, नुसता काकूंकडे बघून हसला. काकूंनी पदर तोंडाला लावला. गुरुजी बराच वेळ खड्ड्याच्या काठावर उभे होते. मग त्यांनी खिशातून पेन्सिल काढली, जवळच्या सातबाऱ्याच्या झेरॉक्समागे बांध आखला, जसा ते आजवर समजत होते तसाच, चुकीचा. खाली तारीख घातली आणि कागद जपून नळकांड्यात सरकवला.

"राहू दे," ते मला म्हणाले, "चुकलेल्या नकाशाला किंमत जास्त असते."