किस्सातेनमधला परदेशी

जपानमधल्या जुन्या वळणाच्या कॉफीच्या दुकानाला किस्सातेन म्हणतात. शब्दाचा अर्थ 'चहा पिण्याचे दुकान'; मिळते मुख्यतः कॉफी. नावात 'किस्सा' असला तरी मोठ्याने किस्से सांगायची सोय तिथे नाही. अशा प्रकारचे पहिले दुकान तोक्योच्या उएनो भागात १८८८ साली उघडले आणि चार वर्षांत बुडाले. तरी प्रकार टिकला, आणि आता त्यात परदेशी पाहुणा सापडतो.

तो आधी बाहेर सापडतो. पाटी वाचता येत नाही, म्हणून काचेमागच्या प्लास्टिकच्या पदार्थांवर त्याचा अभ्यास चाललेला असतो. दार ढकलताच 'इराश्शाइमासे' असा पुकारा होतो. हे नुसते स्वागत. उत्तर द्यायचे नसते. पाहुणा मात्र कमरेत वाकतो, आणि वाकलाच आहे तर दोन गिऱ्हाइकांना आणि छत्र्यांच्या स्टँडलाही नमस्कार उरकतो. हात पुसायला आलेल्या गरम रुमालाने तो मानही पुसतो. म्हातारे जपानीही पुसतात, पण ते वयाच्या हक्काने.

मालकाला 'मास्टर' म्हणतात. मास्टर बोलत नाही. फ्लॅनेलच्या गाळणीतल्या कॉफीवर तो सुतासारखी धार सोडत राहतो, आणि पाहुणा पूजेला बसल्यासारखा हात जोडून पाहतो.

खरी परीक्षा नागोयात. तिथे सकाळी कॉफीच्या पैशांतच टोस्ट आणि उकडलेले अंडे येते. न मागितलेले अंडे पाहून पाहुणा दचकतो आणि नम्रपणे परत करतो. मास्टर तितक्याच नम्रपणे ते पुन्हा ठेवतो. दोघेही वाकत असल्याने माघार कोणी घ्यायची ते ठरत नाही. तोवर अंडे गार. मिसळीबरोबरच्या जादा पावाचे पैसे मोजत वाढलेला मराठी पाहुणा असेल, तर तो अंडे खातो, पण बिल दोनदा तपासतो. तेही जपानीत असते.

निघताना तो टेबलावर टीप ठेवतो. जपानात टीपची पद्धत नाही, त्यामुळे विसरलेली चिल्लर घेऊन मास्टर कोपऱ्यापर्यंत धावत येतो.

पाहुणा गावात राहिलाच, तर कॉफीच्या तिकिटांचा गठ्ठा घेतो: साधारण दहा कपांच्या पैशांत अकरा. गठ्ठा गिऱ्हाइकाचे नाव घालून दुकानातच भिंतीवर टांगतात. मित्र आले की तो आपले नाव अभिमानाने दाखवतो. ते बहुधा शेजारच्या गठ्ठ्यावरचे असते.