पाऊण कोटीची गाडी पोलादपुरात कशी तपासावी

महागडी, ठेंगणी आणि सुसाट अशी जर्मन सेडान घ्यायची ज्यांच्या मनात आहे आणि ज्यांचं घर महाड किंवा पोलादपूर तालुक्यात आहे, अशा मंडळींसाठी हे मार्गदर्शन आहे. अशी मंडळी किती, हे विचारू नये. निदान एक आहे, आणि तो माझा मेव्हणा आहे. त्याच्याकडे दोन पोकलेन, तीन जेसीबी आणि पाच डंपर आहेत. मुंबई-गोवा हायवेचं चौपदरीकरण जसजसं लांबत गेलं, तसतसा त्याचा बंगला मजल्यामजल्याने वर चढत गेला. आता वर चढायला वाव उरला नाही म्हणून तो गाडीकडे वळला. तीन रविवार, तीन गाड्या, आणि प्रत्येक वेळी मागच्या सीटवर मी. तेव्हा खालचा एकूण एक नियम माझ्या मणक्यांनी तपासलेला आहे.

सुरुवात फोनने करावी. फोनवरची मुलगी फार गोड बोलते आणि लोकेशन विचारते. आपण महाड म्हणतो. ती म्हणते, "मालाड ना सर? ईस्ट की वेस्ट?" महाड, रायगड जिल्हा, असं सांगितलं की तिचा जीव भांड्यात पडतो. "ओके सर, रायगड. म्हणजे खारघर." इथे चिडू नये, जिल्हा एकच आहे. आम्ही शेवटी प्रत्यक्ष शोरूमला गेलो, तेव्हा काचेच्या दारातल्या वॉचमनने मात्र गाव ऐकताच कपाळाला हात लावून नमस्कार केला. "चवदार तळ्याचं महाड," तो म्हणाला. "वीस मार्चला दरसाल येतो मी." त्या अख्ख्या शोरूममध्ये १९२७ सालापासून आमचा पत्ता पाठ असलेला तो एकटाच.

आता उमेदवार. बीएमडब्ल्यूची एम ३४०आय, मर्सिडीजची एएमजी सी ४३ आणि आउडीची एस ५ स्पोर्टबॅक. शून्यापासून शंभरपर्यंत जायला कंपन्या अनुक्रमे ४.४, ४.६ आणि ४.८ सेकंद सांगतात. म्हणजे पहिलीत आणि तिसरीत फरक ०.४ सेकंदांचा. तेवढ्यात शिंकसुद्धा पुरी होत नाही. पण या फरकावर मेव्हण्याने आणि त्याच्या डंपरवाल्या मित्रांनी तीन रात्री घालवल्या. मला त्यांच्या कुळाची जास्त मौज वाटली. साधी सी-क्लास चाकणला जुळवतात आणि आउडी ए ४ संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याला, म्हणजे दोन्ही घराण्यांची धाकटी पाती मराठी मुलखातली. पण ही थोरली पाती जर्मनीहून तयार होऊनच येतात. एम ३४०आय तेवढी चेन्नईला जुळवतात. मेव्हणा सगळ्यांत आधी सिलिंडर मोजतो. सी ४३ ला चार, बाकी दोघींना सहा-सहा. चार सिलिंडरमधून चारशेच्या वर अश्वशक्ती काढतात हे ऐकून तो म्हणाला, "म्हणजे इंजिनाला ओव्हरटाइम."

किमतीचं बोलणं पहिल्या भेटीत काढू नये, पण कराचं मनातल्या मनात करून ठेवावं. वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात तेरा टक्के रोड टॅक्स. गाडी पाऊण कोटीची धरली तर पावणेदहा लाख नुसते रस्त्यापोटी. कुठला रस्ता, हा प्रश्न आरटीओत विचारून उपयोग नाही.

वेगाची परीक्षा महाड ते पोलादपूर या टप्प्यात घ्यावी. अठरा-वीस किलोमीटर, चौपदरी, बरा झालेला रस्ता. चौपदरी रस्त्यावर मोटारीला कमाल वेग ताशी शंभर, असं केंद्राने २०१८ सालीच ठरवून दिलं आहे. ही गाडी साडेचार सेकंदांत तिथे पोहोचते आणि मग उरलेला रविवार काय करायचं असा प्रश्न पडतो. शिवाय डावीकडून उलट्या दिशेने दुचाकी येते, तिच्यावर तिघं आणि एक गॅसचा सिलिंडर. त्याच वेळी पट्टा सोडू नये म्हणून स्टिअरिंग आपणहून थरथरायला लागतं. मग मध्येच पांढरी पट्टी पुसट होते, गाडी पट्टी शोधते, सापडत नाही, आणि थरथर थांबते. सेल्समन म्हणाला, सिस्टिम ऑफ झाली. मला वाटतं सिस्टिम समजूतदार आहे.

महाड सोडलं की सावित्रीचा पूल लागतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री इथला जुना दगडी पूल पुरात गेला आणि दोन एसट्या माणसांसकट वाहून गेल्या. नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला. त्या पुलावर तिन्ही रविवारी मेव्हण्याने न सांगता वेग कमी केला आणि गाडीत कुणी काही बोललं नाही. पलीकडे गेल्यावर त्याने पुन्हा स्पोर्ट मोड लावला.

स्पोर्ट मोड लावला की एक्झॉस्ट फटफट फुटतो, आणि हे हौसेने करून दिलेलं असतं, बिघाड नसतो. हे गावात आधी समजावून सांगावं. पोलादपुराच्या पुढे एका वाडीत आम्ही पॅडल सोडलं तसा मागे "फट्-फट्" असा बार झाला. पडवीतून एक म्हातारा धावत बाहेर आला आणि त्याने विचारलं, "डुक्कर पडला का?"

त्याच वाडीपुढे स्पीडब्रेकर होता, आणि या मार्गदर्शनाचा गाभा तोच आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे स्पीडब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा, म्हणजे गाडी त्याच्यावरून टेकडी ओलांडल्यासारखी हलकेच जाते. वाडीला हे कुणी कळवलेलं नव्हतं. त्यांचा ब्रेकर रुंदीला हातभर आणि उंचीला गावकीच्या एकमताइतका. आमच्या गाडीचं पोट जमिनीपासून वीतभरही वर नाही. (तिन्हींतली कोणती ते सांगणार नाही. या बाबतीत तिघी सख्ख्या बहिणी.)

अशा वेळी काय करावं? आधी सगळ्यांनी उतरावं. मी उतरलो, बायको उतरली, सेल्समन उतरला. आत्यांना उतरवायला दोघं लागले, कारण त्या सीटवरून उठणं म्हणजे विहिरीच्या पायऱ्या चढणं. आत्या म्हणजे मेव्हण्याच्या आत्या, वय ७६, प्रतापगडच्या भवानीला जायचं म्हणून आलेल्या. मेव्हणा एकटा चाकावर. डंपर उलटा दरीच्या काठाला लावणारा माणूस, पण त्याच्या कपाळावर घाम. खांद्यावर टॉवेल टाकलेला एक गृहस्थ आपणहून पुढे झाला आणि त्याने हाताने खुणा सुरू केल्या. "येऊ द्या... येऊ द्या... तिरकी घ्या... आता डावं चाक... येऊ द्या..." डावं चाक चढलं. उजवं चढायच्या बेतात असताना खालून "खर्रर्र" असा लांबलचक आवाज आला. सेल्समनने डोळे मिटून घेतले. टॉवेलवाला गुडघ्यावर बसला, गाल रस्त्याला लावून त्याने खाली पाहिलं आणि उठून सांगितलं, "काय न्हाय झालं. आमच्या ब्रेकरला थोडा रंग लागलाय, तेवढाच." मग गाडीकडे नीट बघून म्हणाला, "येवढी पैशाची गाडी आन् पोट भुईला. गाभण म्हैस तरी बरी चालते."

घाटाच्या पायथ्यापर्यंत आम्ही सात वेळा उतरलो आणि सात वेळा बसलो. यात एक फायदा असतो. या गाड्यांच्या दरवाजाचा जो जाडजूड "धप्प" आवाज असतो, ज्याच्यासाठी तिकडे इंजिनिअर म्हणे पगार घेतात, तो आम्हाला चारी बाजूंनी पोटभर ऐकायला मिळाला. शोरूममध्ये एकदाच ऐकवतात.

मग आंबेनळी घाट. पोलादपूर ते महाबळेश्वर साधारण चाळीस किलोमीटर, आणि जवळपास समुद्रसपाटीपासून साडेचार हजार फुटांवर चढाई. थट्टा बाजूला ठेवून सांगतो, घाटात ही गाडी म्हणजे सुख आहे. वळणावर स्टिअरिंग जेवढं मागाल तेवढंच देतं, तोळामासा इकडे नाही की तिकडे. गाडी रस्त्याला चिकटून वर सरकते आणि खाली सावित्रीचं खोरं एकेका वळणागणिक उलगडत जातं. पहिली पाच वळणं मेव्हण्याचा चेहरा मी आरशात पाहत होतो. बारावीचा निकाल लागला तेव्हाही तो इतका खुलला नव्हता. अर्थात तेव्हा खुलण्याजोगं काही नव्हतं.

सहाव्या वळणावर आत्यांना घाट लागला. गाडी बाजूला घेतली. आत्या लिंबू हुंगत दगडावर बसल्या होत्या तेवढ्यात खालून महाबळेश्वरची एसटी आली. चढणाऱ्या गाडीला उतरणाऱ्याने वाट द्यावी असा घाटाचा नियम आहे. दोन्ही गाड्या चढणाऱ्या असतील तर काय, हे एसटीच ठरवते. ड्रायव्हरने ब्रेक लावला. कंडक्टर खिडकीतून म्हणाला, "आजी, येताय का? वाऱ्यावर बरं वाटंल." आत्यांनी एकदा त्या ठेंगण्या सीटकडे पाहिलं, एकदा एसटीच्या उंच खिडकीकडे, आणि पिशवी उचलली. पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना २०२२ पासून एसटीत तिकीट नाही. पाऊण कोटीच्या गाडीतून उतरून आत्या फुकटच्या गाडीत बसल्या आणि पुढे निघून गेल्या.

आम्ही मागे. घाटात एसटीला ओलांडून जायला सरळ, रुंद आणि रिकामा असा रस्ता एकाच जागी लागतो, आणि तो आम्हाला लागला नाही. ताशी वीस-पंचवीसने, पावणेचारशे-चारशे घोडे लगाम खेचून धरलेले, समोर लाल पाठ आणि तिच्या मागच्या काचेतून हसून हात करणाऱ्या आत्या. हे दृश्य वाडा-कुंभरोशीपर्यंत टिकलं. गाड्यांच्या तुलनेच्या लेखांत प्रतिस्पर्धी म्हणून जर्मन कंपन्यांचीच नावं देतात. आमच्याकडे त्या तक्त्यात महाडचा डेपोही घालावा.

वाड्याला चहा घेताना रडतोंडीच्या घाटाची आठवण काढणं ओघाने आलंच. १६५९ साली याच मुलखात एक पाहुणा फार मोठा लवाजमा आणि फार थोडी रस्त्याची माहिती घेऊन उतरला होता. सेल्समनला हा दाखला आवडला नाही.

इथे त्याला स्टेपनीबद्दल विचारून घ्यावं. यातल्या कित्येक गाड्यांत स्टेपनी नसतेच. रनफ्लॅट टायर असतो, तो पंक्चर झाला तरी ताशी ऐंशीच्या आत साधारण ऐंशी किलोमीटर चालतो. सेल्समन हे अभिमानाने सांगतो. मेव्हण्याने बोटांवर हिशेब केला. पोलादपुरात पंक्चर झाली तर मुंबईच्या वाटेवर गाडी कोलाडच्या पुढेमागे कुठेतरी बसणार. "म्हणजे माणगावच्या ट्रॅफिकमधून निघून मग," तो म्हणाला. माणगावच्या ट्रॅफिकमध्ये त्याच्या तीन जेसीबींचाही थोडा हात आहे, हे तो सोयीने विसरला.

पाण्याचा प्रश्न महाडकराने विचारलाच पाहिजे, आणि चहा संपायच्या आत. २२ जुलै २०२१ ला बाजारपेठेत पाणी कुठवर होतं, हे आमच्याकडे भिंतीवरच्या रेघेने दाखवतात. सेडानचं इंजिन हवा कुठून ओढतं, ते बॉनेट उघडून बघावं. तिथून पाणी आत गेलं आणि तुम्ही चावी फिरवलीत, म्हणजे बटण दाबलंत, तर सिलिंडरमध्ये हवा दाबली जाते तसं पाणी दाबलं जात नाही. मग कनेक्टिंग रॉड वाकतो आणि त्याच्याबरोबर मालकही. साध्या विम्यात हे सहसा धरत नाहीत, इंजिन प्रोटेक्टचं कलम वेगळं घ्यावं लागतं. सेल्समन म्हणाला, "सर, पाणी आलंच तर गाडी उंचावर लावायची." आम्ही महाडचे तिघं त्याच्याकडे नुसते बघत राहिलो.

शेवटची परीक्षा डिकीची, असं लोक समजतात. फणस, तांदळाची गोण, नारळ हे सगळं मावतं, त्याची चिंता नको. खरी परीक्षा पुढच्या डाव्या सीटची. गणपती डिकीत ठेवत नाहीत, तो मांडीवर येतो. म्हणून आम्ही माझ्या बायकोच्या मांडीवर दोन फुटी मूर्तीच्या मापाचा तांब्याचा हंडा आणि वर कळशी ठेवून बघितली. सपाट रस्त्यावर ठीक. ब्रेकरवर कळशीने छताला टोला दिला. मूर्ती असती तर मुकुटच गेला असता. सेल्समनने सनरूफ उघडायचा उपाय सुचवला, म्हणजे गणपती उभा राहून येईल, आमदार येतात तसा.

संध्याकाळी गाडी परत देताना तो मुलगा वही काढून उभा राहिला. दिवसभर त्याने एकदाही तोंड वाकडं केलं नव्हतं, खर्रर्र झालं तेव्हासुद्धा. "मग सर, बुकिंग कधी धरू?"

मेव्हण्याने बॉनेटवरून हात फिरवला. जानेवारी चालू होता. "गणपतीनंतर बघू," तो म्हणाला. मग जरा थांबून, "हायवे पुरा होऊ दे. मग नक्की."

पोराने वही मिटली आणि पहिल्यांदा मराठीत हसला. "मी इंदापूरचा आहे, दादा. आपल्या रायगडातल्या. तुमच्या मुलाचा नंबर देऊन ठेवता का?"