सदा उपवर

रीजन्सी काळातल्या इंग्लंडवरच्या कादंबऱ्यांत ड्यूक फार. खरे ड्यूक त्या काळी मूठभर होते; कादंबऱ्यांतले मोजायला घेतले तर एक पलटण सहज उभी राहील. सगळे ऐन पंचविशीतले, उंच, किंचित शिष्ट, आणि मनात कसलीशी जुनी जखम घेऊन शेकोटीच्या कठड्यावर कोपर टेकून उभे. तीनशेव्या पानावर ती जखम भरून येते आणि लग्न होतं. माझा या पुस्तकांवर राग नाही. पावसाळ्यात, बाहेर जायची सोय नसताना, अशी दोन-चार पुस्तकं उशाशी असावीत. पण ती वाचता वाचता मला एका खऱ्या ड्यूकची आठवण येते. त्याच्याजवळ कादंबरीला लागणारं सगळं काही होतं. फक्त तीनशेवं पान त्याच्या आयुष्यात आलंच नाही.

विल्यम स्पेन्सर कॅव्हेंडिश त्याचं नाव. डेव्हनशरचा सहावा ड्यूक. जन्म मे १७९०चा, तोही पॅरिसमध्ये. तिथे राज्यक्रांतीला वर्ष व्हायला आलं होतं, सरदारांच्या घरचे दिवे एकेक करून मालवत होते, आणि अशा मुहूर्तावर इंग्लंडातल्या एका बड्या घराण्याचा वारस तिथे पहिला टाहो फोडत होता. जन्मतःच तो मार्क्विस ऑफ हार्टिंग्टन झाला. घरचे त्याला लाडाने हार्ट म्हणत. पुढे १८११ साली सगळं एकदमच जुळून आलं. फेब्रुवारीत वेड्या राजाच्या जागी त्याचा मुलगा रीजंट म्हणून कारभार पाहू लागला, मे महिन्यात हार्टला एकविसावं वर्ष पूर्ण झालं, जुलैत वडील वारले. डर्बीशायरातला चॅट्सवर्थचा वाडा, तिथून जवळच हार्डविक, यॉर्कशायरात बोल्टन ॲबी, आयर्लंडात लिस्मोरचा किल्ला, लंडनमध्ये पिकॅडिलीवर डेव्हनशर हाऊस आणि शहराबाहेर चिझिक. एवढं सगळं एका तरुणाच्या पदरात पडलं. माणसाला एका वेळी एकाच खोलीत झोपता येतं, ही निसर्गाने श्रीमंतांची केलेली थट्टाच म्हणायची.

त्या उन्हाळ्यात लंडनचा रंग काही औरच होता. जूनमध्ये रीजंटने कार्लटन हाऊसमध्ये अशी मेजवानी दिली की जेवणाच्या लांबलचक टेबलावरून पाण्याचा झरा खेळवला होता आणि त्यात जिवंत मासे सोडले होते. पाहुण्यांपुढे ताटातलेही मासे, ताटाशेजारून पोहणारेही मासे. दोघांची नजरानजर झाली असेल का, हा प्रश्न मला उगाच छळतो. दर बुधवारी आल्मॅक्सच्या दिवाणखान्यात नाच असे. कोणाला प्रवेश द्यायचा हे काही सरदारबायका मिळून ठरवत. त्यांच्या मर्जीपुढे पैशाचं काही चालत नसे, आणि एवढ्या धडपडीनंतर आत मिळे ते काय, तर चहा, लिंबाचं सरबत आणि पावाचे पातळ तुकडे. तिथे ब्यू ब्रमेलसारखे लोक गळपट्ट्याची घडी नीट पडेपर्यंत सकाळ खर्ची घालत आणि पुढे कर्जापायी रातोरात समुद्र ओलांडून फ्रान्सला पळत. अशा त्या जगात एकवीस वर्षांचा, उंचापुरा, हसतमुख आणि अविवाहित ड्यूक अवतरला, तेव्हा उपवर मुलींच्या आयांच्या छातीत काय धडधडलं असेल! नेपोलियनविरुद्धची लढाई युरोपात चालू होती, पण माझा अंदाज असा की खरी मोर्चेबांधणी लंडनच्या दिवाणखान्यांतच होत होती.

ड्यूक सगळ्यांशी गोड वागे. ज्याच्याशी बोले त्याच्याकडे झुकून, डोळ्यांत पाहून, एकेक शब्द टिपून घेत असल्यासारखा ऐके. आणि खरोखरच त्याला शब्द टिपावे लागत, कारण त्याला कमी ऐकू येत असे. ही व्यथा अगदी कोवळ्या वयापासूनची. झुंबरांच्या प्रकाशात, व्हायोलिनच्या कल्लोळात, तीनशे माणसं एकदम बोलत असताना त्या बिचाऱ्याच्या कानापर्यंत काय पोचत असेल? माझी आपली अशी कल्पना, की त्याच्या मोहकपणाची निम्मी कीर्ती या अर्धवट कानांची कमाई असावी. ज्याला नीट ऐकू येतं तो ऐकता ऐकता खांद्यावरून पलीकडे पाहतो, कोण आलं कोण गेलं याचा हिशेब ठेवतो. याला ती चैन नव्हती. समोरच्या मुलीला मात्र वाटायचं, आपलं बोलणं इतक्या तन्मयतेने आजवर कोणी ऐकलं नव्हतं.

त्याने लग्न केलं नाही. का केलं नाही, याची उत्तरं त्याच्या हयातीतच लोकांनी तयार ठेवली होती. चुलीवर दूध उतू जावं तसं कारणाविना राहिलेलं ब्रह्मचर्य समाजाला पाहवत नाही. कोणी म्हणे, तो ड्यूकचा मुलगाच नव्हे, पॅरिसला अदलाबदल झाली. खऱ्या वारसाची वाट अडू नये म्हणून त्याच्याकडून लग्न न करण्याचं वचन घेतलं आहे. या कथेला आधार काही नाही, पण ती रंगते झकास. दुसरं कारण असं, की मावसबहीण कॅरोलाइन त्याला लहानपणापासून आवडे. तिने १८०५ साली विल्यम लॅम्बशी लग्न केलं, तेव्हा या पंधरा वर्षांच्या मुलाने म्हणे आकांत मांडला. पुढे कवी बायरनपायी जिने सगळं लंडन डोक्यावर घेतलं ती हीच कॅरोलाइन. म्हणजे ड्यूक वाचला तो नशिबानेच, असंही म्हणता येईल.

मला विचाराल, तर मी कारण त्याच्या घरातच शोधीन. आई जॉर्जियाना सौंदर्यासाठी जितकी प्रसिद्ध तितकीच जुगारातल्या कर्जांसाठी. वडिलांच्या छताखाली आई आणि आईची जिवलग मैत्रीण एलिझाबेथ फॉस्टर अशा दोघी नांदत, आणि तिघांची मिळून मुलं एकत्र वाढत. हा दीड वर्षाचाही नव्हता तेव्हा आईला परदेशी जावं लागलं. ती परतली १७९३मध्ये, तेव्हा पोराने तिला ओळखलं नाही. जो मुलगा आईच्या कुशीत परका म्हणून शिरला, त्याने मोठेपणी घरं भरपूर बाळगली आणि संसार मांडला नाही, याचं मला तरी फारसं नवल वाटत नाही.

त्याने पाहुणे मात्र जन्मभर बोलावले. आतिथ्य हाच त्याचा संसार. भारतात निघालेल्या एका बाईंनी ‘तिकडून काय पाठवू?’ असं विचारलं, तेव्हा हा थट्टेने म्हणाला की हत्तीपेक्षा लहान काही नको. बाईंनी खरोखरच हत्ती धाडला, अशी गोष्ट सांगतात. चिझिकच्या बागेत तो हत्ती झाडलोट करी आणि बाटलीचं बूचही उघडून दाखवी म्हणे. रशियाचा झार निकोलस हा ड्यूकचा तरुणपणापासूनचा स्नेही. तो १८४४ साली इंग्लंडात येणार असं कळल्यावर ड्यूकने चॅट्सवर्थला त्याच्यासाठी कारंजं बांधायला घेतलं. पाण्याला जोर यावा म्हणून वरच्या माळावर आठ एकरांचं तळं खणलं. मशालींच्या उजेडात रात्रपाळ्या चालल्या, सहा महिन्यांत काम उरकलं, आणि पाण्याची धार जवळजवळ तीनशे फूट उंच गेली. झार इंग्लंडला आला. चिझिकच्या मेजवानीलाही आला. तिथे ड्यूकने त्याच्यासाठी जिराफ आणवले होते. चॅट्सवर्थला मात्र तो गेलाच नाही, तसाच परतला. कारंज्याचं नाव ‘एम्परर’ ते एम्पररच राहिलं. आजही ते उडतं. न आलेल्या पाहुण्याचं इतकं उंच स्मारक दुसरीकडे कुठे असेल असं मला वाटत नाही.

आणि मग पॅक्स्टन. चिझिकला ड्यूकच्याच जमिनीवर हॉर्टिकल्चरल सोसायटीची बाग होती. तिथे काम करणारा हा शेतकऱ्याचा पोरगा स्वच्छ, खणखणीत बोले. ड्यूकला त्याचं बोलणं ऐकू येई. एवढी पात्रता त्याला पुरेशी वाटली. तेवीसही पूर्ण न झालेल्या जोसेफ पॅक्स्टनला त्याने चॅट्सवर्थचा मुख्य माळी नेमलं आणि स्वतः झारच्या राज्याभिषेकाला रशियाला निघून गेला. ९ मे १८२६ रोजी पहाटे साडेचारला पॅक्स्टन पोचला. फाटक बंद, म्हणून भिंत चढून आत गेला, बाग पाहिली, सहाला माणसं कामाला लावली, कारंजी सुरू करवली, मग वाड्याच्या कारभारणीकडे न्याहारीला बसला. तिथे तिची भाची सारा होती. नऊ वाजायच्या आत दोघं एकमेकांच्या प्रेमात पडली होती. मालकाला जे जन्मात जमलं नाही ते माळ्याने न्याहारीच्या टेबलावर उरकलं.

पुढची तीस वर्षं या दोघांची मैत्री म्हणजे मला त्या काळातली सगळ्यात गोड प्रेमकथा वाटते. माळ्याने धन्याला फुलांचं वेड लावलं. दोघे मिळून इटली-तुर्कस्तान फिरले. ऑर्किड आणायला गिब्सन नावाचा माळी १८३५ साली थेट कलकत्त्याला आणि तिथून खासी टेकड्यांत धाडला. चॅट्सवर्थला एवढं काचघर उभं केलं की व्हिक्टोरिया राणीची बग्गी त्याच्या आतून फिरली. कोळशाच्या टंचाईत पहिल्या महायुद्धात त्यातली झाडं गेली, आणि १९२० साली ते काचघरही सुरुंग लावून पाडलं. अशा काचघरांचा सराव हाताशी होता म्हणूनच पॅक्स्टनला लंडनचा क्रिस्टल पॅलेस बांधता आला. पण मला त्या सगळ्यापेक्षा मॉरिशसमार्गे आलेलं एक बुटकं केळीचं झाड मोलाचं वाटतं. ते नोव्हेंबर १८३५मध्ये चॅट्सवर्थला फुललं आणि पुढच्या मेपर्यंत शंभरावर केळ्यांचा घड त्याला लटकला. पॅक्स्टनने त्या जातीला धन्याच्या घराण्याचं नाव दिलं : कॅव्हेंडिश.

ड्यूक जानेवारी १८५८मध्ये हार्डविकला वारला. पदवी, वाडे, जमिनी आणि कर्ज चुलत पुतण्याकडे आलं. कोणी चकार शब्द काढला नाही. त्याच्याच दहा वर्षं आधी आपल्याकडे, औरस मुलगा नाही म्हणून सातारा खालसा झालं होतं, आणि १८५४मध्ये नागपूर. दत्तक गव्हर्नर जनरल डलहौसीला चालला नाही. चॅट्सवर्थला चुलत पुतण्या चालला. असो. डलहौसीशी आता भांडून काय उपयोग?

त्या केळाची गंमत मात्र सांगायलाच हवी. त्याला बी धरत नाही. ते बुंध्याशी फुटणाऱ्या मुनव्यांनी वाढतं, म्हणजे बिनलग्नाचंच. एका मिशनऱ्याने १८३८ साली चॅट्सवर्थची रोपं पॅसिफिकमधल्या सामोआ बेटांवर नेली, आणि आज जगाच्या बाजारात निर्यात होणारं जवळपास प्रत्येक केळं कॅव्हेंडिश कुळातलं असतं. आपली बसराई त्याच कुळातली, श्रीमंती त्यातलीच, ग्रँड नैनही. ती चॅट्सवर्थच्याच काचघरातून खानदेशात आली असं मी म्हणत नाही. कुळ तेवढं एक. तेव्हा त्या ड्यूकच्या मागे नाव चालवायला कोणी उरलं नाही असं कोणी हळहळून म्हणालं, तर त्याला केळीच्या हंगामात एकदा सावद्याला घेऊन जा.