डिंकाखालची इस्टेट

आमच्याकडे वाटण्या झाल्या की कुणाला केळीचा मळा मिळतो, कुणाला गावातलं घर मिळतं आणि उरलेल्यांना बांधाचं भांडण मिळतं. मला मोठ्या काकांची, म्हणजे आप्पांची, जाडजूड रजिस्टरं मिळाली. आप्पा भुसावळला रेल्वेच्या माल ऑफिसात कारकून होते. भावंडांनी रजिस्टरं उघडली, आत पोस्टाची तिकिटं दिसली आणि लगेच ठरलं, "हा पेपरात काहीबाही लिहितो, याला देऊन टाका." आमच्या घराण्यात एकमतानं मंजूर झालेला हा पहिला ठराव.

तो टिकला नाही. कुणीतरी टीव्हीवर तिकिटाच्या लिलावाची बातमी पाहिली आणि मुक्ताईनगरातल्या आमच्या ओट्यावर माणसं जमू लागली. थोरल्या भाच्यानं मोबाइलवरून माहिती काढली होती. १८५२ साली सिंध प्रांतात बार्टल फ्रियरनं काढलेलं 'सिंद डाक' हे आशियातलं पहिलं तिकीट. १८५४ चं चार आण्याचं तिकीट लाल आणि निळ्या अशा दोन रंगांत वेगवेगळं छापायचे, त्यात काहींवर राणीचं डोकंच उलटं पडलं, त्याला आज सोन्यासारखा भाव आहे. १९४८ चं गांधीजींचं दहा रुपयांचं तिकीट, आणि त्यावर 'सर्व्हिस' असा छाप असेल तर विचारूच नका. "मामा, आपल्यात उलटी राणी आहे का तेवढं बघा," असं सांगून भाचा गेला. पत्राला दहा रुपयांचं तिकीट लावणारा माणूस १९४८ साली आमच्या पंचक्रोशीत जन्माला आला असता, तर लोकांनी त्याला आधी वैद्याकडे नेलं असतं, हे माझं म्हणणं कुणी ऐकून घेतलं नाही.

रजिस्टरांत उलटी राणी नव्हती. सुलटे राजे मात्र ढिगानं होते: पाचवा जॉर्ज, सहावा जॉर्ज, आणि १९३७ ची ती सुरेख माळ, ज्यात डाक घेऊन पळणारा हरकारा आहे, डाकेची बैलगाडी आहे, टांगा, उंट, आगगाडी, विमान, सगळं आहे. मी तोंडं पाहून खूश होतो. मग जळगावच्या एका जाणकारानं मला कॅटलॉग दाखवला आणि म्हणाला, "तोंडं कसली बघताय? पाठ बघा."

तिकीटशास्त्रात खरी कुळकथा पाठीकडून कळते. कागदाचा लगदा ओला असतानाच त्यावरून जाळीचा रूळ फिरवतात. त्या रुळावर तारेचे वळवलेले आकार असतात. ते दबले की तिथे कागद पातळ होतो आणि कायमची खूण राहते. हाच वॉटरमार्क. पाचशेची नोट उजेडाकडे धरून आपण आतले गांधीजी बघतो, तेच इथे नखाएवढ्या कागदात बघायचं. १८५४ च्या कागदात ईस्ट इंडिया कंपनीचं बोधचिन्ह होतं. कंपनीचं राज्य बुडालं आणि १८६५ पासून हत्तीचं डोकं आलं. पुढे हत्ती जाऊन तारा आला. १९२६ पासून नाशिकरोडच्या प्रेसमध्ये तिकिटं छापू लागले तेव्हा एकाच्या जागी ताऱ्यांची दाटी झाली. आणि यातली खरी गंमत अशी की इंग्रज १९४७ साली गेले, पण त्यांचे तारे कागदात आणखी दहा वर्षं मुक्काम ठोकून होते. १९५७ साली नव्या पैशांची, भारताच्या नकाशाची तिकिटं निघाली, त्यांच्यातही तारेच. १९५८ पासून अशोकस्तंभाचे सिंह आले. नकाशा तोच, पण पाठीत तारा असेल तर ते एक तिकीट आणि सिंह असेल तर दुसरं. १९३१ च्या नवी दिल्लीच्या तिकिटांत तर ताऱ्याचं टोक डावीकडे की उजवीकडे, यावरूनही कॅटलॉगवाले पंगत वेगळी मांडतात.

आता पाठ बघायची म्हटलं तर ती दिसायला हवी. आप्पांनी प्रत्येक तिकीट बाभळीच्या डिंकानं रजिस्टरात चिकटवलं होतं. कोपऱ्याला टिपका लावून नव्हे. सगळ्या पाठीला, काठोकाठ, मुरवून. जाणत्या संग्राहकांकडे त्यासाठी कागदाची बारीक बिजागरी असते, पण आप्पा रेल्वेचे. माल एकदा लादला की हलता कामा नये.

भिजवून सोडवावीत, तर त्यातही मेख. राणीच्या काळातल्या काही तिकिटांना लंडनच्या दे ला रू कंपनीनं मुद्दामच पाण्यात उतरणारी शाई वापरली होती, म्हणजे कुणी शिक्का धुऊन तिकीट पुन्हा लावायला गेला तर रंगही जावा. असले काटकसरी महाभाग फक्त आपल्याकडेच असतात, हा माझा अभिमान तिथेच गळाला. मी राण्या बाजूला ठेवल्या आणि राजे परातीत सोडले.

हा उद्योग मी मे महिन्यात काढला. मुक्ताईनगरचा मे ज्यानं पाहिला नाही त्याला सांगून पटायचं नाही. पारा पंचेचाळिसाच्या आसपास असतो आणि पंखा हेच कुलदैवत असतं. आणि तिकिटं वाळत घातली की पंखा लावता येत नाही. एकदा बायकोनं न राहवून बटण दाबलं आणि अख्खं ब्रिटिश साम्राज्य पलंगाखाली गेलं. त्यातला एक उंट अजून सापडलेला नाही.

सुटलेलं तिकीट काळ्या बशीत पालथं घालायचं आणि वर बेंझीनचे दोन थेंब टाकायचे. पातळ कागदातून बशीचा काळा रंग वर येतो आणि खूण दोन-चार सेकंद उमटते. बेंझीन ड्रायक्लीनिंगवाल्याकडून आणलं. त्यानं "कोट आहे का?" विचारलं, मी "नाही, जॉर्ज आहे" म्हटलं, त्यानं पुढे चौकशी केली नाही. बेंझीन पेट घेतं, म्हणून घरात देवाचा दिवाही बंद झाला. मग मात्र मोठीआई, आप्पांची बायको, काठी टेकत आली. बशीत वाकून तिनं थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाली, "ह्यायनं जल्मभर तिकिटाचं तोंड पाह्यलं, अन् तू पाठ पाही राह्यला!"

तारे दिसले. दिसले म्हणजे मला दिसले. भाच्याला त्यात कोळी दिसला, बायकोला डिंकाचा डाग दिसला. तिचंच बरोबर असण्याची शक्यता बरीच होती.

पण एका पानावर मी थांबलो. १९४९ च्या १५ ऑगस्टला पुरातन वास्तू-शिल्पांची तिकीटमाला निघाली. तीन पैवर आपल्या शेजारच्या अजिंठ्याचं चित्र आहे, आणि एक आण्यावर बोधिसत्त्व. त्या बोधिसत्त्वाचं छायाचित्र उलटं छापलं गेलं, म्हणून डावा हात पुढे आला. १९५० साली ते सुधारून उजवा हात पुढे केलेलं तिकीट काढलं. आप्पांनी दोन्ही शेजारी-शेजारी लावली होती आणि खाली बोरूच्या वळणानं 'डावा' आणि 'उजवा' एवढंच लिहिलं होतं. कॅटलॉग नाही, भिंग नाही, बेंझीन नाही. वॅगनच्या नोंदी करून शिणलेल्या डोळ्यांनी माणसानं ते पकडलं होतं. डिंकाबद्दलचा माझा राग त्या पानापुरता मी मागे घेतला.

शेवटी सगळं जाणकाराकडे नेलं. त्यानं भराभर पानं उलटली. "काका, ही रोजच्या वापरातली तिकिटं. लाखांनी छापलेली. आणि पाठी खराब. आमच्याकडे असला माल किलोवर जातो." आम्ही केळीवाले, क्विंटलचा भाव ऐकायची आम्हाला सवय. भाच्यानं मनातल्या मनात वजनाचा हिशेब केला आणि तो एवढंच म्हणाला, "मामा, तुम्हीच ठेवा." एकमताचा ठराव पुन्हा कायम झाला.

जाणकार मात्र एका तिकिटावर रेंगाळला. साधाच सहावा जॉर्ज, पण त्यावर शिक्क्याचा तुकडा होता आणि त्यात शेवटची इंग्रजी अक्षरं तेवढी उरली होती: 'बाद'. अहमदाबाद, अलाहाबाद, हैदराबाद, काहीही असेल. पण मला माहीत होतं. मुक्ताईनगरचं जुनं नाव एदलाबाद. आजोबा इथून पत्र टाकायचे आणि ते भुसावळला आप्पांना मिळायचं. "पाकीट कुठे आहे?" त्यानं विचारलं. "पुढच्या बाजूला अख्खा शिक्का, मागे भुसावळला पोचल्याचा शिक्का, दोन्ही तारखा, पत्ता. बदललेल्या नावाच्या गावाचं असं पाकीट शोधत माणसं फिरतात. या तिकिटाचा एक रुपया, पाकिटाला मी विचार करून भाव सांगितला असता."

घरी येऊन मोठीआईला विचारलं. आप्पा कात्रीनं तिकीट कापून घ्यायचे आणि पाकीट तिच्याकडे द्यायचे. "पाकिटं? ती चुलीत. पानी तापवाले चांगली पेटायची."

तेव्हा तुमच्या माळ्यावर जुन्या पत्रांची पत्र्याची पेटी असेल, तर कृपा करून तिकिटं कापू नका, भिजवू नका, उलटी राणी शोधत बसू नका. पाकीट अख्खं राहू द्या, मागची बाजूही बघा. आणि एदलाबादचा पुरा शिक्का असलेलं एखादं निघालं तर मला कळवा. मी नगावर घेतो.